स्वयंचे सेवक

२०२० चा मे महिना. पारा ४५ च्या आसपास, आणि कूलरला पाठ लावून मी मोबाईलवर बी.ए.च्या पोरांना मराठी शिकवत होतो. कूलर बंद करावा तर मास्तर जातो, सुरू ठेवावा तर तास जातो. पंधरा मिनिटांनी खेड्यातल्या एका पोरानं विचारलं, ‘‘सर, तुमच्याकडे पाऊस येऊन राहिला का?’’ तासभरात आलेला तेवढाच प्रश्न.

आम्हाला वाटलं, टाळेबंदी उठली की खडू-फळा परत. फळा आला, त्याच्यासमोर कोण दिसणार हे मात्र दिल्लीत ठरलं. केंद्राचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयं’ पोर्टल २०१७ पासून होतंच. सत्रातले २० टक्के अभ्यासक्रम त्यावरून घेण्याची मुभा यूजीसीनं २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. स्वयं हा शब्द आमच्या नागपूरला नवा नाही. स्वयंसेवक इथं गल्लोगल्ली. त्यात आता प्राध्यापकाची भर पडली, इतकंच.

या सेवकाचं काम? पोरांची नोंदणी करायची, विसरलेले पासवर्ड शोधायचे, हजेरीचे स्क्रीनशॉट जमवायचे, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेची, खाती उघडून द्यायची. आधारवर ‘नामदेव’ अन् गुणपत्रिकेवर ‘नामदेवराव’ असला की खातं अडतं. एका नामदेवापायी माझा अख्खा दिवस गेला. पीएच.डी.ला जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासले होते, ते असे कामी आले.

आमच्या १९२३ च्या विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज खंजिरी घेऊन गावोगाव लोकांसमोर उभे राहिले. त्यांना कुणी हजेरीचा स्क्रीनशॉट मागितला नाही, हे त्यांचं नशीब.

कायम नोकरीवाल्यांचं ठीक आहे हो. पहिल्या तारखेला पगार. आम्ही तासिकेवरचे. जेवढे तास, तेवढं मानधन. एकदा प्रोजेक्टरवर ‘स्वयं’चा व्हिडिओ लावून पोरांच्या शंका घ्यायला मी वर्गात थांबलो. शंका निघाली नाही. महिनाअखेर बिल घेऊन गेलो, तर बाबूंनी चष्मा वर केला.

‘‘सर, शिकवलं तर व्हिडिओतल्या मॅडमनं. तुम्ही काय केलं?’’

‘‘प्रोजेक्टर लावला.’’

‘‘तो तर आपला शिपाई बी लावते ना जी!’’