स्पॉकच्या मेंदूला दहापैकी किती?

२० सप्टेंबर १९६८, शुक्रवार, रात्रीचे दहा. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा तिसरा हंगाम सुरू होतो. एक बाई एंटरप्राइझ यानात अवतरते, मनगटावरच्या कड्याचं बटण दाबते आणि कप्तानासकट सगळे जागच्या जागी आडवे होतात. शुद्धीवर येऊन बघतात तर मिस्टर स्पॉक यांचा मेंदू गायब! चोरी इतकी सफाईची की कपाळावरची केसांची झालरसुद्धा विस्कटलेली नाही. डॉक्टर मॅकॉय उरलेल्या स्पॉकला रिमोट जोडतात. बटण दाबलं की स्पॉक चालतो, दाबलं की थांबतो, आणि अशा अवस्थेत त्याला परग्रहावर स्वतःचाच मेंदू हुडकायला नेलं जातं. मेंदू सापडतो. भुयारात राहणाऱ्या बायकांच्या हवा-उजेडाची व्यवस्था तो बिनतक्रार सांभाळत असतो. मग मॅकॉय डोक्यावर एक यंत्र घालून परग्रहाचं वैद्यकशास्त्र घटकाभरात शिकतात, ऑपरेशन अर्ध्यावर आलेलं असताना शिकलेलं विसरायला लागतात, आणि उरलेला मेंदू कसा जोडायचा हे टेबलावर पडलेला रुग्णच त्यांना सांगतो.

तर याला दहापैकी किती गुण?

विज्ञानकथेच्या चाहत्यांमध्ये हा प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षं गंभीरपणे चर्चिला जातो. इतर मालिकांचे प्रेक्षक ‘बरी होती’ म्हणून दिवा मालवून झोपतात. विज्ञानकथेचा प्रेक्षक दहावीच्या बोर्डाच्या परीक्षकासारखा लाल पेन घेऊन बसतो. कथेला इतके, विज्ञानाला इतके, खलनायकाच्या पोशाखाला इतके. आणि अर्धा गुण राखून ठेवलेला, शेवटच्या दृश्यात पात्रं विनाकारण हसली तर कापायला. आयएमडीबीवर एक ते दहा असे अख्खेच गुण देता येतात, पण सरासरी काढताना दशांशचिन्ह येतंच. एक भाग सात पूर्णांक एक आणि दुसरा सात पूर्णांक दोन असेल, तर दुसरा चांगला हे सिद्ध झालं म्हणून मंडळी निवांत होतात. दोन्ही भागांत खडक थर्माकोलचेच आहेत, ही बाब अभ्यासक्रमाबाहेरची.

‘स्पॉक्स ब्रेन’ला या परीक्षेत जन्माचा नापास शिक्का बसला. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनीही आत्मचरित्रात लिहून ठेवलं की या भागाच्या चित्रीकरणात आपल्याला सतत अवघडल्यासारखं होत होतं. मेंदू नसल्याचा अभिनय इतका बिनचूक करणाऱ्या माणसाने एवढी खंत करायला नको होती. कथेवर लेखकाचं नाव आहे ली क्रोनिन. हे जीन कून यांचं टोपणनाव. पहिल्या दोन हंगामांतल्या कितीतरी गाजलेल्या भागांमागे कून होते. तिसऱ्यात त्यांनी टोपणनावाने लिहिलं, यावरून त्यांची दूरदृष्टी दिसते.

या निकालातली खरी गंमत मात्र परीक्षेच्या आधीची आहे. हा हंगाम होणारच नव्हता. दुसऱ्या हंगामानंतर मालिका गुंडाळली जाणार अशी कुणकुण १९६७ च्या अखेरीला लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उघडली. कोणाला लिहावं, कसं लिहावं, याच्या सूचना गावोगाव पोचल्या. एनबीसीकडे पत्रांचा ढीग लागला. त्यांची संख्या वाहिनीने सांगितली ती वेगळी आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबरी सांगत ती कितीतरी मोठी. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकचे विद्यार्थी फलक घेऊन बरबँकच्या एनबीसी स्टुडिओवर मोर्चाने गेले. ज्यांनी पुढे रॉकेटची गणितं सोडवायची, त्यांनी टोकदार कानांसाठी घोषणा दिल्या. शेवटी १ मार्च १९६८ रोजी ‘द ओमेगा ग्लोरी’ हा भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केलं: मालिका पुढच्या वर्षी येणार आहे, कृपया पत्रं पाठवू नका. त्यावर चाहत्यांनी आभाराची पत्रं पाठवली.

म्हणजे ज्यांनी उपोषणाला बसल्यागत हट्ट धरून हा हंगाम पदरात पाडून घेतला, त्यांनीच सहा महिन्यांनी त्याचा पेपर तपासायला घेतला आणि पहिल्याच प्रश्नाला भोपळा दिला.

वाहिनीनेही सूड उगवायला वेळ लावला नाही. आधी सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ कबूल झाली होती. मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. या मालिकेचा हुकमी प्रेक्षक म्हणजे कॉलेजातली पोरं, आणि शुक्रवारी रात्री दहाला घरी बसणारं कॉलेजातलं पोर आजही दुर्मिळ आहे. वेळ बदलली तर रोजच्या कामातून अंग काढून घेईन, असं रॉडनबरी यांनी बजावलं होतं. वाहिनीने वेळ बदलली. त्यांनी अंग काढलं, नाव तेवढं ठेवलं. गाडा ओढायला आले फ्रेड फ्रायबर्गर, आणि त्यांच्या हातात दिली गेली कात्री लागलेली रक्कम.

पैसे नसले की विज्ञानकथेला तत्त्वज्ञान सुचतं. ‘स्पेक्टर ऑफ द गन’मध्ये कप्तान कर्क आणि मंडळी अमेरिकी पश्चिमेच्या एका गावात येऊन पडतात. गावातल्या घरांना समोरची भिंत आहे, मागची नाही. आत लाल आकाश आणि हवेत टांगलेलं घड्याळ. स्पष्टीकरण असं की परग्रहवासीयांनी कर्कच्या मनातून गाव उचललं आणि त्यांच्याकडची माहिती अर्धवट होती. अर्धवट काय होतं हे निर्मिती विभागाला ठाऊक! तरीही तो भाग अंगावर येतो. ‘द एम्पथ’ जवळजवळ पूर्णपणे काळ्या पोकळीत घडतो आणि तिथे मोजकं सामान आहे. एक शब्द न बोलणारी नायिका आणि सभोवार अंधार. कलात्मक आणि स्वस्त. सगळ्यांवर कडी केली ती १० जानेवारी १९६९ च्या ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ने. त्यात बील नावाचा पाठलाग करणारा अधिकारी ज्या यानातून येतो, ते यान अदृश्य आहे! कुठलाही विज्ञानकथालेखक जिथे हात टेकेल तिथे हिशेबनीस पुढे सरसावतो, याचा याहून स्वच्छ पुरावा दूरचित्रवाणीच्या इतिहासात नसेल.

हाच भाग गुण देणाऱ्यांची पंचाईत करतो. त्यातली दोन माणसं अर्धी काळी, अर्धी पांढरी आहेत. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. एवढ्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेत. कर्कला हा फरक आधी दिसतच नाही, दाखवावा लागतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उपदेश एवढा ढोबळ की तो यानाच्या भिंतीवर आदळून ऐकू येतो, शेवटाला दोघं बोळांतून धावतात ते इतकं लांबलेलं की पळणाऱ्यांना दम लागण्याआधी बघणाऱ्याला लागतो, तरी एकदा पाहिलेला माणूस तो चेहरा विसरत नाही. आता द्या गुण. सहा म्हटलं तर निम्मे चाहते रागावतात, आठ म्हटलं तर उरलेले.

याउलट अडचण ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ची. २२ नोव्हेंबर १९६८ चा हा भाग कॅप्टन कर्क आणि लेफ्टनंट उहुरा यांच्या चुंबनासाठी इतिहासात गेला आहे. गोरा पुरुष, काळी स्त्री, आणि अमेरिकेतल्या आंतरवंशीय लग्नांवरच्या बंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याला जेमतेम दीड वर्ष. वाहिनीला धास्ती होती म्हणून चुंबनाविनाही दृश्य घेतलं गेलं. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स यांनी पुढे सांगितलं की त्या वेळी कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांनी कॅमेऱ्याकडे बघत मुद्दाम डोळे तिरळे करून ते दृश्य निकामी केलं. हे सगळं पाठ असलेला माणूस मोठ्या भक्तिभावाने भाग लावतो आणि पाहतो की कप्तान जमिनीवर घोडा होऊन खिंकाळतो आहे. चुंबन पाऊण भाग संपल्यावर येतं. तोवर इतिहासाला धीर धरावा लागतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने वेगळीच पद्धत काढली. हा भाग, ‘द एम्पथ’ आणि ‘हूम गॉड्स डिस्ट्रॉय’ यांत छळ आणि वेड फार आहे म्हणून ते वर्षानुवर्षं दाखवलेच नाहीत. पेपरच गहाळ केला की तपासायची कटकट नाही.

दुकानदारीचा भाग सांगायलाच हवा. ‘इज देअर इन ट्रूथ नो ब्यूटी?’ या भागात स्पॉकच्या छातीवर एक पदक झळकतं, वर्तुळ आणि त्रिकोण एकमेकांत अडकवलेलं. विश्वातल्या अनंत वैविध्याचा गौरव, असा त्याचा उदात्त अर्थ. रॉडनबरी यांची टपालाने वस्तू विकणारी एक कंपनी होती, लिंकन एंटरप्रायझेस. हे पदक तिथे विक्रीला ठेवायचं होतं. पदकावरचं भाषण म्हणायला निमॉय आणि शॅटनर दोघांनी खळखळ केली, तेव्हा कामातून अंग काढून घेतलेले रॉडनबरी समजूत घालायला जातीने सेटवर आले. तत्त्वज्ञानासाठी माणूस एवढी पायपीट करतो हे बघून भरून येतं. गुणपत्रिकेत या प्रसंगासाठी रकाना नाही.

आणि तरी त्याच भागाचं लेखन सुंदर आहे. लेखिका जीन लिझेट अरोस्ट. या बाई लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रंथपाल होत्या. कोणी मागितली नसताना त्यांनी संहिता पाठवली आणि ती स्वीकारली गेली. पुढे त्यांनी ‘ऑल अवर यस्टरडेज’ लिहिला. सूर्याचा स्फोट होऊन एक ग्रह नष्ट होणार आहे, लोक आधीच भूतकाळात निघून गेलेत, आणि मागे राहिला आहे एकटा ग्रंथपाल, आपल्या हजारो तबकड्यांसह. कोणाला कुठलं शतक हवं ते काढून देतो आहे. जग बुडत असताना हा गृहस्थ वाचकांना ताटकळत ठेवत नाही; ग्रंथपालाने लिहिलेली कथा आहे हे लपत नाही. हिमयुगात अडकलेला स्पॉक तिथे मांस खातो, प्रेमात पडतो, आणि निमॉय यांच्या चेहऱ्यावर जे काही चालतं त्यासाठी या सदराने आपलं लाल पेन खाली ठेवलं आहे. ‘द थोलियन वेब’ आणि ‘द एंटरप्राइझ इन्सिडेंट’ हेही ठणठणीत पास, त्यांच्याविषयी फारसं भांडण नाही. म्हणून त्यांच्यावर बोलतंही कोण?

चर्चा होते ती तळाच्या बाकांवरची. ‘अँड द चिल्ड्रन शॅल लीड’मध्ये अनाथ मुलांना फितवणाऱ्या दुष्ट आत्म्याची भूमिका मेल्विन बेली यांनी केली, म्हणजे केनेडींच्या मारेकऱ्याला गोळी घालणाऱ्या जॅक रूबीचे वकील. त्यांना अंगभर चकचकीत पडद्यासारखा झगा चढवला आहे आणि ते उलटतपासणी घेतल्याच्या सुरात विश्व जिंकायच्या गोष्टी करतात. ‘द वे टू ईडन’मध्ये अंतराळातले हिप्पी यानात धरणं धरून गाणी म्हणतात, स्पॉक साथीला वाद्य घेऊन बसतो, आणि स्वर्ग म्हणून गाठलेल्या ग्रहावर गवतापासून फळापर्यंत सगळ्यात आम्ल निघतं. मूळ कथा होती डी. सी. फोंटाना यांची. तीत डॉक्टर मॅकॉय यांची मुलगी यायची होती. दुरुस्त्या होत होत मुलगी गेली, हिप्पी राहिले, आणि फोंटाना यांनी आपलं नाव काढून मायकेल रिचर्ड्स हे टोपणनाव लावलं. एकाच हंगामात टोपणनावांची ही गर्दी बघता, काही भागांचे गुण लेखकांनी आधीच स्वतःला देऊन टाकले होते म्हणायचं.

वर-खालचा हा खेळ एकट्या अमेरिकेचा नाही. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’च्या मासिकाने २००९ मध्ये दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’, दोनशेवी ‘द ट्विन डिलेमा’. दोन्ही मार्च १९८४ च्या, एकाच हंगामातल्या, एकीच्या पाठोपाठ लगेच दुसरी. एका आठवड्यात बीबीसी शिखरावरून थेट तळाशी आली, मधल्या एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्यांना पायही न लावता.

‘स्टार ट्रेक’चा शेवटचा भाग २८ मार्च १९६९ ला ठरला होता. त्या दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर वारले आणि तो पुढे ढकलला गेला. दाखवला ३ जूनला. सत्तेचाळीस दिवसांनी माणूस खरोखर चंद्रावर उतरला, पण तोवर मालिका रद्द झालेली होती. फ्रायबर्गर यांच्या माथी मालिका मारणारा म्हणून कायमचा ठपका आला. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून जर्मनीवर पडले होते आणि युद्धकैदी होते. ते म्हणत, त्या छावणीतून दोन वर्षांत सुटलो, ‘स्टार ट्रेक’मधून दशकं उलटली तरी सुटका नाही.

एकोणऐंशी भागांचा गठ्ठा मग गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांनी पुनःप्रक्षेपणासाठी विकत घेतला. पहिल्या दोन हंगामांचेच भाग असते तर रोज दाखवायला गठ्ठा अपुरा पडला असता. तिसऱ्यातले नापास भाग धरून संख्या भरली, रोज संध्याकाळी मालिका लागू लागली, आणि चाहते झाले दुप्पट-चौपट. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली.

एवढ्या चाहत्यांना पत्रं लिहायची सवय राहिलेलीच होती. १९७६ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा मारा केला आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून ‘एंटरप्राइझ’ करायला लावलं. सप्टेंबरमध्ये ते यान कारखान्याबाहेर ओढून काढलं तेव्हा रॉडनबरी, निमॉय आणि बरीचशी जुनी मंडळी हौसेने हजर होती. यानाला कामाची इंजिनं नव्हती, उष्णतेपासून वाचवणारं कवचही नव्हतं. पुढच्या वर्षी बोईंग ७४७ च्या पाठीवरून हवेत सोडून ते कॅलिफोर्नियात तरंगत उतरवून पाहिलं. अंतराळात ते कधी गेलंच नाही.