जिभेवरचे नऊ व्होल्ट

आमच्या इमारतीत कुणाला सेलची शंका आली की तो माझ्याकडे येतो. डोक्यावर दोन बटणं असलेला तो चौकोनी, नऊ व्होल्टचा सेल पुढे करतो आणि अदबीने म्हणतो, “काका, जरा चाटून बघता?”

मी लगेच चाटत नाही. आधी चष्मा काढतो. चष्म्याचा काही संबंध नाही, पण वैद्यही नाडी बघताना डोळे मिटतातच की. मग जिभेचं टोक दोन्ही बटणांना एकदम टेकवतो, छताकडे पाहतो आणि सांगतो, “साडेसात. ट्रान्झिस्टरला चालेल, माइकला नाही.” हे साडेसात मी कुठून आणतो, ते अजून कुणी विचारलेलं नाही. खरं तर त्या सेलच्या पोटात दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात. सगळे ताजे असले की ओल्या जिभेतून जराशी वीज वाहते आणि जीभ आपसूक मागे येते. मरगळलेले असले तर नुसतंच आंबूस लागतं. विद्या एवढीच.

“आमटीत मीठ नाही हे ह्यांना कळत नाही, सेलातले व्होल्ट मात्र कळतात,” असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पण या कलेला कूळ आहे. योहान गेओर्ग झुल्त्सर नावाच्या एका स्विस गृहस्थाने 1752च्या सुमारास शिशाचा आणि चांदीचा तुकडा जिभेवर ठेवून एकमेकांना टेकवला. वेगवेगळे ठेवले तर काही नाही, टेकवले की हिराकसासारखी चव! आता गंमत बघा. हा माणूस मूळचा सौंदर्यशास्त्रवाला. पुढे त्याने ललितकलांचा भलामोठा कोश लिहिला. म्हणजे विजेची चव ज्या जिभेला कळली ती एका समीक्षकाची होती! हे वाचलं त्या दिवशी मी दोनदा जेवलो. बिचाऱ्याला ती वीज आहे हे सुचलं नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी व्होल्टाने कथील आणि चांदी घेऊन तोच जिभेचा खेळ केला, आणि 1800 मध्ये धातूच्या चकत्या आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचून त्याने पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. आज प्रत्येक सेलवर व्होल्टाचं आद्याक्षर आहे. झुल्त्सरचं कशावरच नाही. चाटलं एकाने, नाव दुसऱ्याचं. मराठीत लिहिणाऱ्याला यात नवीन काही वाटू नये.

असो. गेल्या गणपतीत मी पास केलेला सेल सेक्रेटरींच्या भाषणात, दुसऱ्याच वाक्याला गेला. दुपारी ठेचा-भाकरी झाली होती. ठेचा खाल्लेल्या जिभेला सगळेच सेल ताजे लागतात. (श्रोत्यांनी नंतर माझे आभार मानले, तो भाग वेगळा.) मुलीने मुकाट्याने एक मल्टिमीटर आणून दिला. महिनाभर मी त्याच्याशी सवतीसारखा वागलो. एक दिवस तो सुरूच होईना. पाठ उघडली तर आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल! सगळ्या घराने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चष्मा काढला.

ही विद्या मूळची अप्पांची. ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की ते त्यातले चार मोठे सेल काढत. एकेका सेलच्या बुडाला वायरचा तुकडा लावून, वायरचं दुसरं टोक आणि सेलची टोपी जिभेवर टेकवत आणि त्यातला मेलेला बरोबर हुडकत. उरलेले तीन कुरडयांच्या शेजारी उन्हात जात. उन्हाने सेल भरत नाही, उबेने घटकाभर तरतरी येते इतकंच. त्या तरतरीत प्रादेशिक बातम्या निघायच्या.

अप्पा आता शहाऐंशीचे आहेत, कानाला मशिन आहे. मागे दोन-तीन आठवडे ते फार गप्प होते. काही विचारलं की हसून मान हलवत. आम्ही आपसात वयाचं निदान करून मोकळे झालो. मी तर ‘अप्पा आता मिटत चालले आहेत’ असं एक वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं, पुढेमागे लेखात घालता येईल म्हणून.

मशिनचा सेल संपला होता. नातवाने बदलला. अख्ख्या इमारतीचे सेल चाटणाऱ्या मला घरातला तो एक सेल बघावा असं वाटलं नव्हतं. अप्पा म्हणाले, “अरे, मला वाटलं, तुम्हीच हल्ली कमी बोलता.”

त्या बटणाएवढ्या सेलला जीभ लावायची नसते, तो गिळला जाऊ शकतो. पाठीवरची चिकटपट्टी काढायची, छिद्रांतून हवा आत जाईपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मग बसवायचा. तुमच्या घरात कुणाचं कानाचं मशिन असेल तर आज ते चालू करून मुठीत धरून बघा. शिट्टी वाजायला हवी.