पोच मिळाली का?

अण्णांशी बोलायला सुरुवात करण्याआधी थोडी पूर्वतयारी लागते. लिफ्टपाशी गाठ पडली की ते विचारतात, "ऐकताय ना?" आपण म्हणायचं, "ऐकतोय अण्णा, बोला." मग ते म्हणणार, "ऐकताय ते कळलं. आता बोलतो." तोवर लिफ्ट रिकामीच वर गेलेली असते. नवा भाडेकरू याला वयाचा दोष समजतो. जुने सभासद जाणतात की हा टीसीपी आहे. इंटरनेटवर दोन संगणक कामाचं बोलण्याआधी नेमक्या याच तीन फेऱ्या करतात, आणि पुढे धाडलेल्या मजकुराची पोच घेत राहतात. अण्णाही वाक्यावाक्याला थांबतात. "आलं लक्षात?" आपण नुसती मान हलवली तर ती पोच धरत नाहीत. तेच वाक्य पुन्हा येतं, आणि आधीपेक्षा सावकाश.

विरार पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. उभी नोकरी चर्चगेटजवळच्या एका कचेरीत आवक-जावक टेबलावर झाली. निवृत्तीनंतर माणसं ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालतात, गुडघे साथ देतील तोवर जीवदानी चढतात. अण्णांनी स्टेशनजवळच्या हार्डवेअर-नेटवर्किंगच्या क्लासात नाव घातलं. बाकावरच्या पोरांना नोकरी हवी होती. अण्णांना आवक-जावक रजिस्टरचं पुढे काय झालं ते बघायचं होतं.

अर्धवट शिकलेला माणूस सोसायटीला परवडतो. तो तार ओढतो, बटण दाबतो, चहा पिऊन जातो. मुळापासून शिकलेला माणूस मात्र बसतो.

अण्णांचं सगळं शास्त्र विरार लोकलवर चालतं. विरारहून बॅकबेला पहिली लोकल 12 एप्रिल 1867 ला सुटली, त्यामुळे मोठा ऐवज तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा अनुभव आपल्याला अमेरिकेच्या शंभर वर्षं आधीपासून आहे, असं ते मानतात. निरोप अखंड जात नाही, त्याची पॅकेटं होतात. समजा, पाच जणांचं कुटुंब दादरला गर्दीत फुटलं. कुणी फास्टला, कुणी स्लोला, कुणी वसईला उतरून मागच्या गाडीत. प्रत्येकाच्या कपाळावर क्रमांक लिहिलेला. विरारला सगळे इंडिकेटरखाली जमले की क्रमानं उभं करायचं. हे झालं टीसीपीचं काम. "आणि एखादा आलाच नाही तर?" असं आमच्या खजिनदारांनी एकदा विचारलं. "दादरहून त्याची दुसरी प्रत पाठवायची." "अहो, पण मेव्हण्याची दुसरी प्रत कुठून आणणार?" अण्णा गप्प झाले. एवढ्या एका ठिकाणी लोकल त्यांना दगा देते. मात्र बोरिवलीला उतरणारा विरार फास्टमध्ये चढला तर त्याचं दारात जे होतं त्याला फायरवॉल म्हणतात, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

वहिनींचा कारभार यूडीपीचा. "पानं घेतलीत" असं स्वयंपाकघरातून एकदा म्हणायचं आणि वळायचं. पोचही नाही, पुन्हा हाकही नाही. व्हिडिओ कॉल असाच चालतो, हे अण्णाच सांगतात. निसटलेला शब्द पुन्हा मागवत बसलं तर समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असतो. तरी गार आमटी जेवताना त्यांना हे तत्त्व पटत नाही.

क्लासात केबल करायला शिकवलं, तसं अण्णांनी सामान घरी आणलं. आठ बारीक तारा, दोनदोनच्या जोडीला पीळ घातलेला. नखानं पीळ सोडवायचा, तारा चिमटीत सरळ करायच्या, टोकं एका रेषेत छाटायची, पारदर्शक प्लगमध्ये सारायच्या आणि क्रिंपिंगच्या पकडीनं कट्‌कन दाबायचं. समोर वहिनी मेथी निवडत होत्या. छाटलेली टोकं मेथीत जात होती. अण्णांनी रंग मनानंच लावले: नारिंगी जोडी, मग हिरवी, निळी, तपकिरी, सगळ्या आपापल्या जोडीदाराशेजारी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर लावला. आठही दिवे ओळीनं लागले. अण्णांनी चहा मागवला. नेट मात्र रडतखडत चालू.

सरांनी प्लग उजेडात धरला आणि हसले. हिरवी जोडी शेजारी बसवायची नसते. तिची एक तार तिसऱ्या घरात, दुसरी सहाव्या, आणि मधे निळी जोडी. सिग्नल तिसऱ्या आणि सहाव्या पिनेतून जोडीनं जातो. त्या दोन तारा एकाच पिळातल्या असल्या तर बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखा पडतो आणि पलीकडे वजा होतो. वेगळ्या पिळातल्या असल्या की शेजारच्या तारेची बडबड आत शिरते. टेस्टर बिचारा तार इथून तिथे पोचली का एवढंच बघतो, कोण कुणाच्या पिळातलं ते त्याला कळत नाही. अण्णांनी घरी येऊन हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. वहिनी मेथी धूत म्हणाल्या, "आपली पत्रिका बघितली तेव्हाही सगळे दिवे लागले होते."

पावसाळ्यात एकदा तिसऱ्या मजल्यावरचं वायफाय गेलं. मुलीची ऑनलाइन परीक्षा तासावर. अण्णा टॉर्च घेऊन हजर. "पहिल्या थरापासून बघू." एकूण थर सात, ते 1984 साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरले, हे टॉर्च लावता लावताच सांगून झालं. पहिला थर, तार: ठीक. दुसरा, यंत्राला कारखान्यात मिळालेला 48 बिटांचा पत्ता: ठीक. तिसऱ्या थरावर ते "ऐकताय ना?" म्हणाले तेवढ्यात केबलवाल्याचा पोऱ्या आला. त्यानं राउटरचा प्लग उपटला, जरा थांबला, परत खोचला. नेट सुरू. "काय झालं होतं?" अण्णांनी विचारलं. "काय माहीत काका, चालू झालं ना?" त्या रात्री अण्णा झोपले नाहीत. नेट का बंद पडलं, यापेक्षा ते कुणालाही न कळता सुरू झालं, हे त्यांना जास्त लागलं.

त्यांचे सणही वेगळे. 29 ऑक्टोबरला घरटी दोन पेढे येतात. 1969 साली त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या संगणकावरून स्टॅनफर्डच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द धाडायचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं यंत्र बसलं. म्हणून पेढे दोनच. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की ते माइककडे सरकतात, कारण 1995 साली याच तारखेला विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. वेफर्सची पाकिटं हल्ली भाषणाच्या आधी वाटतात.

यंदा वार्षिक सभेला गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब. हा अर्धा तास अण्णांनी घेतला. जुने आयपी पत्ते 32 बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे 429 कोटी, जगाला अपुरे. नवे 128 बिटांचे, ते संपता संपायचे नाहीत. तोवर घरात दहा यंत्रं असली तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दाखवायचा आणि भागवायचं.

"पत्त्यांचं राहू द्या, आपलं पार्किंग संपलंय," सेक्रेटरी म्हणाले. "पंचवीस गाड्यांना एकच जागा दाखवून भागेल का?"

अण्णांनी खरंच विचार केला. "पत्ता दाखवायला एक चालेल. पण कुठली गाडी कुणाकडून गेली, कधी गेली, परत आल्यावर कुणाकडे धाडायची, ते दारावर कुणीतरी लिहीत बसायला हवं. राउटर तेच करतो. आलं लक्षात?"

कुणीच पोच दिली नाही, तेव्हा त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन सेक्रेटरींच्या दारात उभा होता. राउटरचं काम पगारातच धरलंय की वेगळं मिळणार, एवढंच त्याला विचारायचं होतं.