घोडे वाढवायचेत म्हणे!

अहो मावशी, या जरा कुंपणाशी, मेथी नंतर निवडा. आमच्याकडे सध्या स्थळं बघणं चाललंय! नाही हो, धाकटीसाठी कुठलं, मामंजींच्या बीटलसाठी. १९६५ ची ती फोक्सवॅगन. तिला आता दांडगं इंजिन पाहिजे म्हणे.

निमित्त खंबाटकी घाटाचं. गाडी ३४ हॉर्सपॉवरची, आत चार माणसं आणि आईंची पथ्याची पिशवी. मागून टेम्पोवाला हॉर्न मारमारून पुढे गेला, आणि जाताना क्लीनर हसला. बाकी काही नाही, ते हसणं ह्यांना लागलं.

पहिलं स्थळ दिरांनी सुचवलं, कॅलिफोर्नियातून. तिकडे ह्या गाड्यांचं वेड फार. लोक पूर्वी पोर्शे ३५६ चं इंजिनसुद्धा बीटलमध्ये बसवायचे. दीर म्हणाले, १७७६ सीसी करून टाक. म्हणजे मूळ सोळाशेचंच इंजिन, पण पिस्टन ९०.५ मिलिमीटरचे, ते मावावेत म्हणून केस मशीनवर कापून घ्यायची. ह्यांचे डोळे असे चमकले! मी म्हटलं, आणि तापलं तर? रेडिएटर नाही, पाणी नाही, एक पंखा आणि अडीच लिटर तेल. त्या तेलालाही धड फिल्टर नाही, नुसती जाळी. आणि नेणार कुठे, तर सिंहगड रोडच्या गर्दीत.

मला कसं ठाऊक? अहो, दोन्ही वेळेला ताटावर हेच! आमटीत मीठ पडलं नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण तीन नंबरचा सिलिंडर का तापतो हे धाकटीलाही पाठ झालंय. ऑइल कूलर पंख्याच्या खोक्यातच उभा, त्यामुळे तीन नंबरला मिळतो तो कूलरवरून गरम होऊन आलेला वारा. मग तिथलाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायचा. कंपनीने कूलर बाजूला हलवला तो १९७१ च्या मॉडेलपासून.

खरी मजा परवा झाली. मेकॅनिकचाचा आले, चहा घेतला आणि इंजिनाकडे बघितलंच नाही. गाडीखाली शिरून म्हणाले, "साहेब, पळवाल हो, पण थांबवणार कशाने?" चारी चाकांना जुने ड्रम! ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी चाचांना आणखी एक चहा दिला.

मग चाचा म्हणाले, बसवायचंच असेल तर १५८४ सीसीचं ट्विन पोर्ट बसवा, कंपनीने केलं तसंच, काही न कापता. ५० हॉर्सपॉवर मिळतात, ते खूप झाले. मेक्सिकोत बीटल २००३ पर्यंत निघत होती, त्यामुळे पार्ट मिळतात. इंजिन गाडीला चारच बोल्टांवर अडकवलेलं, काढणं-बसवणं सोपं. पण मेख अशी की आपली गाडी सहा व्होल्टची. सोळाशेचं फ्लायव्हील मोठं, त्यासाठी गिअरबॉक्सचं हाऊसिंग आतून घासायचं. मग स्टार्टर, बॅटरी, दिवे, सगळंच बारा व्होल्टवर. ब्रेक तर आधीच.

शिवाय इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी. आमच्या गाडीची पट्टी केव्हाच गळून गेलीय. खालची गरम हवा पंखा पुन्हा वर ओढतो. घाटात दम लागायचं निम्मं कारण तेच, असं चाचांचं मत. मला पटलं. ह्यांना नाही पटलं, कारण रबराची पट्टी काही कोणाला दाखवता येत नाही.

त्यात तुमच्या जावयांनी तो २०२१ चा नियम सांगितला ना, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. आईंना प्लेट हवी. ह्यांना घोडे हवेत. आणि प्लेट मिळाली तरी गाडी रोज काढता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढंच. शिवाय इंजिन बदललं की आरसीवरचा नंबर बदलायला आरटीओच्या खेपा आहेतच.

शेवटी तोडगा निघालाय. सोळाशे बसवायचं, पण मूळ इंजिन विकायचं नाही. उद्या मन बदललं तर परत चढवता येईल. ते आहे शंभर किलोच्या वर, आणि आमच्या जिन्याखाली आधीच सायकली. तर मावशी, तुमच्या त्या मागच्या पडवीत, कूलर ठेवता त्याच्या शेजारी, थोडी जागा होईल का? तेल गळत नाही हो. म्हणजे, फारसं नाही.