मावशीचा संशय, शेटची चांदी

मालवणात सोनाराला ‘शेट’ म्हणतात. हाक आदराची, नजर मात्र तराजूच्या काट्यावर. सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातलंही काढून घेतो, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की बिचारा शेट चांदीच्या बाबतीतही आधी आरोपी आणि मग कारागीर. चवथीच्या तोंडावर तर दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि फौजदारच जास्त बसलेले असतात.

आमच्या मावशीने नातवाच्या बारशासाठी घुंगरांचे वाळे घडवायला टाकले होते. घरची जुनी चांदी, हातची घडण. काम कुठवर आलंय ते बघायला ती मला घेऊन गेली, ती नेमकी नको त्या घटकेला. शेट वाळे तेजाबाच्या पाण्यातून बाहेर काढत होते आणि वाळे दिसत होते पांढरेफटक, तांदळाच्या पिठात घोळल्यासारखे.

“शेटनू, ह्या काय? माझी चांदी खय गेली?”

“काकी, चांदी हीच. आत्ताच पाण्यातसून भायर इली. जरा दम धरा.”

“माका येडी समाजलास काय? ह्या ॲल्युमिनम आसा!”

शेटचं म्हणणं खरं होतं. नुसती चांदी मऊ, म्हणून तीत तांबं मिसळतात. 925 ची चांदी म्हणजे हजारात पंचाहत्तर भाग बहुधा तांबंच. टाकणखार लावून डाख वितळवायला जिन्नस तापवला की हे तांबं हवेशी संधान बांधतं आणि दागिना काळवंडतो. पातळ केलेलं गंधकाम्ल तो काळेपणा खातं, वरचं तांबं घेऊन जातं आणि अंगावर उरतो तो जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ पापुद्रा. तो सूक्ष्म खडबडीत, उजेड सगळीकडे उधळणारा, म्हणून पांढरा. म्हणजे मावशीने ॲल्युमिनम म्हटलं त्याच घटकेला वाळ्यांच्या अंगावर सगळ्यात चोख चांदी होती. हे तिला सांगायची छाती ना शेटची झाली, ना माझी.

तेवढ्यात तिला भांड्यातलं पाणी दिसलं. निळसर.

“ह्या पाण्यात उतारली माझी चांदी!”

निळा रंग तांब्याचा. बरेच दागिने उतरले की ते पाणी मोरचुदाचं होतं. शेट त्यात तांब्याचाच चिमटा घालतात. लोखंडी चिमटा बुडाला तर पाण्यातलं तांबं उलट चांदीवर चढून बसतं आणि दागिना गुलाबी होऊन बाहेर येतो. गुलाबी वाळे बघून मावशीने दुकानाच्या पायरीवर उपोषणच मांडलं असतं.

खरा पेच घुंगरांचा. आत पोकळ, फट बारीक. तेजाब आत दडून राहतं आणि मागाहून झिरपतं. बाळ तर पाय तोंडात घालणार. म्हणून शेटनी वाळे खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळले, धुतले, पुन्हा उकळले. मावशीच्या मते हा वेळकाढूपणा. मग रिठ्याचा फेस आणि पितळी तारांचा बारीक ब्रश. शेट मान खाली घालून घासत होते, एकेका घुंगराच्या बेचक्यात ब्रशचं टोक घालून. पांढरेपणाखालून हळूहळू उजेड वर यायला लागला. शेवटी ओपणी दाबून फिरवली आणि वाळ्यांच्या कडांना आरशाचं तेज आलं. तेजाबाचं काम थोडक्यात आटपतं. हे घासणं मात्र मनगट मागतं.

घासलेलं पाणी शेटनी घमेल्यात जपून ओतलं.

“साबणाचा पाणी जपतास कित्याक?”

त्यातही चांदीचा कीस असतो. खालचा गाळ, त्यातून चांदी वेगळी काढणाऱ्या झारेकऱ्याकडे जातो. हे शेट प्रामाणिकपणे बोलून गेले आणि फसले. मावशीने त्या गाळातही हिस्सा मागितला.

मजुरीची गोष्ट निघाली तेव्हा तिचा आवाज बाजारपेठेच्या टोकापर्यंत पोचला. घडणावळ कबूल, घासायचे वेगळे पैसे कसले?

“घासूची कसली मजुरी? चवथीक आमी घरभर समयो घासतंव, आमाक कोण देता?”

शेट गप्प झाले. आतल्या दाराशी शेटीणबाई उभ्या होत्या; त्या मात्र चांगल्याच खुलल्या. शेटनी निमूट मजुरी कमी केली. वर मावशीने वाळे पुन्हा तराजूत टाकायला लावले, आणि घुंगरांत पाणी राहिलं असेल तेवढं वजनातून वजा करा म्हणाली.