निम्मी भिंत कुणाची?

‘ट्विन बंगलो विकणे आहे. तीन बेडरूम, मॉड्युलर किचन, संपूर्ण नूतनीकरण केलेला, पूर्वाभिमुख, क्लिअर टायटल, शांत वसाहत, शाळा-दवाखाना हाकेच्या अंतरावर. एजंट क्षमस्व.’

आर. के. नगर, कळंबा, फुलेवाडी, कदमवाडी, कसबा बावडा. कोल्हापूरचं उपनगर कुठलंही घ्या, जाहिरात हीच. फरशी कुठल्या कंपनीची, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे किती, बाथरूमचे नळ कसले, सगळं त्यात असतं. बंगला ज्या भिंतीला टेकून उभा आहे तिच्याबद्दल मात्र एक अक्षर नसतं. ट्विन बंगल्याच्या तीन बाजू मोकळ्या असतात. चौथ्या बाजूची भिंत सामाईक असते. म्हणजे तिची पलीकडची बाजू शेजाऱ्याच्या हॉलमध्ये आहे, त्याचं देवघर किंवा टीव्ही तिच्यावर टांगलेला आहे.

मला सरळ सांगायचं आहे. नूतनीकरणाच्या नावाखाली आपल्या उपनगरांत निम्म्या-निम्म्या इमारती फोडल्या जात आहेत, वर पुट्टी मारून विकल्या जात आहेत, आणि उरलेल्या निम्म्या इमारतीत राहणाऱ्याला कुणी विचारतही नाही. पालिका यात लवकर पडणार नाही. विकणारा तर बोलणारच नाही. हे थांबवायची ताकद फक्त घेणाऱ्याकडे आहे, कारण पैसे त्याच्या हातात आहेत.

ही घरं आली कशी, ते आठवून बघा. शहराबाहेर वसाहती पडत होत्या. शिक्षक, बँकेतला क्लार्क, एसटीतला, वीज मंडळातला माणूस प्लॉट शोधत होता. एकट्याला प्लॉट परवडेना, म्हणून दोन मित्र, दोन भाऊ, कधी दोन साडू एकत्र आले. एक प्लॉट, मध्ये एक भिंत, दोन दारं. विटा वाचल्या आणि एका बाजूला सोडायची जागाही वाचली. भिंतीचा करार कुणी केला नाही, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. आता ती पिढी थकली. मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. घर विकायला निघालं. खरेदीखतानं जागा हस्तांतरित होते. साडू-साडूंमधला विश्वास त्या कागदावर चढत नाही.

आणि विकायचं म्हटल्यावर घर ‘मॉडर्न’ करायचं, हे ओघानं आलंच.

त्या काळातली पुष्कळ घरं लोडबेअरिंग आहेत. त्यांत कॉलम-बीमचा सांगाडा नसतो, स्लॅबचा भार विटांच्या भिंतीच उचलतात. नऊ इंची भिंत भार घेते, साडेचार इंची भिंत नुसती खोली विभागते. हा फरक गवंड्याला माहीत असतो, इंजिनिअरला माहीत असतो. इंटेरियरवाल्याला तो माहीत असेलच असं नाही. ओपन किचन हवं, म्हणून हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडली जाते. ती नऊ इंची होती का, हे विचारायला त्या दिवशी साइटवर कुणी नसतं. फार तर वरून एक लोखंडी गर्डर टाकतात. गर्डरचं एक टोक कशावर बसवायचं? समोर सामाईक भिंत तयारच असते. तिच्यात खिसा काढून गर्डर घुसवला की काम झालं. अलीकडे हॉल मोठा झाला आणि पलीकडे शेजाऱ्याच्या भिंतीवर तिरकी भेग उमटली.

यापेक्षाही वाईट गोष्ट आहे झिऱ्यांची. वायरी आणि पाइप आता कुणालाच दिसायला नको असतात, सगळं कन्सील्ड पाहिजे. मग कटर घेऊन भिंतीत झिऱ्या मारतात. विटांच्या भारवाही भिंतींसाठी ‘आयएस १९०५’ हे भारतीय मानक आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको, असं ते सांगतं. म्हणजे नऊ इंची भिंतीत उभी झिरी फार तर तीन इंच आणि आडवी दीड इंच. हे झालं एका बाजूचं. सामाईक भिंतीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडे घरमालक असतात. याच्या बेडरूमच्या एसीची लाइन आणि त्याच्या बाथरूमचा गरम पाण्याचा पाइप एकाच उंचीवर, पाठीला पाठ लावून आले, तर मधे वीट उरते किती? तीन-चार इंच. त्या तीन-चार इंचांवर वरचा स्लॅब, गच्ची आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेच्या भूकंपाचा धक्का ज्यांनी या शहरात अनुभवला, त्यांना भिंत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचनचे ड्रॉवर ओढत बसू नका. सामाईक भिंतीपाशी जा. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. तिच्यावरच्या स्विचबोर्डाचं झाकण काढायला सांगा आणि आतला डबा किती खोल बसवलाय ते पाहा. तिच्यावर पूर्ण उंचीचं कपाट किंवा वॉलपेपर असेल, तर तो नेमका तिथेच का, हे विचारा. मग गच्चीवर चढा. दोन घरांचे स्लॅब जिथे भेटतात ती रेघ शोधा. बरेचदा विकायच्या घराच्या बाजूला वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग झगझगीत असतो आणि रेघेपलीकडे तीस वर्षांचा काळवंडलेला कोबा. पावसाचं पाणी रेघ बघून थांबत नाही. पलीकडच्या कोब्यातून मुरतं, रेघेतून उतरतं आणि तुमच्या नव्या फॉल्स सीलिंगच्या वर साचतं. सीलिंग आहे म्हणून ते वर्षभर दिसत नाही. दिसतं तेव्हा सळी गंजलेली असते.

जमलं तर घर जुलैत बघा. उन्हाळ्यात कोल्हापुरातलं कुठलंही घर कोरडंच दिसतं.

आणि शेजारच्या घराची बेल वाजवा. हे कुणीच करत नाही. एका जोडप्यानं केलं. मी सोबत होतो. शेजारच्या बाईंनी दार उघडलं. जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, “काकू, आम्ही शेजारचं घर बघायला आलोय. मधल्या भिंतीला कधी ओल येते का?” काकूंनी दोघांना आत घेतलं. देव्हाऱ्यामागचा गिलावा दाखवला. फुगलेला, हात लावला की भुगा होणारा. “येते की. त्यांनी बाथरूम नवं केलं तेव्हापासनं येते. दोनदा सांगितलं. म्हणाले, आता विकायचंच आहे, नवे येतील त्यांना सांगा. तुम्हीच का ते नवे?” एजंट वीस मिनिटं बोलत होता, त्यात ही गोष्ट नव्हती. चहा घेतल्याशिवाय काकूंनी सोडलं नाही. व्यवहार झाला नाही, हे सांगायला नकोच.

हे न सांगणं कायद्यात बसत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याचं कलम ५५ स्पष्ट आहे. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. दडवला तर ती फसवणूक ठरते. वॉलपेपरमागची भेग, सीलिंगमागची ओल, पाडलेली नऊ इंची भिंत ही त्याच दोषांची उदाहरणं आहेत. रेराच्या भरवशावर मात्र राहू नका. जुन्या घराच्या फेरविक्रीला रेरा लागत नाही. नवीन ट्विन बंगलोही त्यातून बहुधा सुटतो, कारण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असलेल्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही.

आता कागद. इथे उपनगर म्हणजे कुठलं, हा मूळ प्रश्न आहे. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली, पण हद्द वाढलीच नाही. शहर मात्र ओसंडून बाहेर पडलं. त्यामुळे जाहिरातीत ‘कोल्हापूर’ असतं आणि उताऱ्यावर पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी. २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्याच्या आधीच्या घरांचं काय? कुणाकडे बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा आहे, तर कुणाकडे फक्त ग्रामपंचायतीचा दाखला. नमुना ८ चा उतारा हातात देऊन ‘क्लिअर टायटल’ सांगणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि बाहेर पडा. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तशीच शहरातली घरफाळ्याची पावती. यातला एकही कागद मालकी सिद्ध करत नाही.

ट्विन बंगल्यात आणखी एक मेख आहे आणि तिच्याकडे वकीलसुद्धा घाईत कानाडोळा करतात. घरं दोन असली तरी जमीन बरेचदा एकच असते. मोजणी होऊन पोटहिस्से पडलेले नसतात, दोघांची नावं एकाच सात-बाराला किंवा एकाच प्रॉपर्टी कार्डाला. अशा प्लॉटवर बांधता येणारं एकूण चटई क्षेत्रही दोघांत मिळूनच धरलं जातं. नूतनीकरणात एकानं वर मजला चढवला असेल, तर त्यानं शेजाऱ्याच्या वाट्याचं चटई क्षेत्रही खाल्लेलं असू शकतं. उद्या शेजारी बांधायला निघाला आणि त्याची परवानगी अडली, की भांडण नव्या मालकाच्या दारात येणार. वरच्या मजल्याची सुधारित मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘नंतर रेग्युलराइज होतंय’ हे उत्तर म्हणजे नकारच समजा.

पुराचं थोडक्यात सांगतो, कारण आता ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सगळीकडे लोकांनी घरात पाणी बघितलं. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. घर कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे नकाशावर स्वतः बघा. कमरेइतक्या उंचीपर्यंत सगळ्या खोल्यांना नवं पॅनेलिंग दिसलं, तर कारण विचारायला लाजू नका.

महापालिकेलाही एक सांगणं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मालकानं करून घ्यायची असते. ऐंशीच्या दशकातली सगळी ट्विन घरं यात येतात. नोटिसा मोडकळीस आलेल्या वाड्यांना जातात, चकाचक बंगल्यांना जात नाहीत. तपासणी रंग बघून ठरवू नका. ट्विन घराची करायची, तर दोन्ही घरांची एकदम करायला लावा. निम्म्या इमारतीच्या प्रमाणपत्राला काही अर्थ नाही. हद्दीबाहेरच्या गावांत हे कलम पोहोचत नाही, तिथे प्राधिकरणानं सुधारित परवानगी देतानाच शेजाऱ्याची लेखी संमती मागावी.

ट्विन बंगला घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. दारात गाडी लागते, अंगणात तुळस आणि जास्वंद होते, म्हाताऱ्या आई-वडिलांना जिना चढावा लागत नाही, आणि भिंतीपलीकडे हाक मारायला माणूस असतं. मध्यमवर्गीय कुटुंबाला एवढ्या पैशात याहून चांगलं घर या शहरात मिळणार नाही. ती भिंत एवढी मोलाची आहे, म्हणूनच तिची किंमत व्यवहारात धरा. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःचा न्या, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. मॉड्युलर किचनच्या खर्चापुढे त्याची फी किरकोळ आहे. भिंत सामाईक आहे, तिची दुरुस्ती निम्म्या-निम्म्या खर्चात होईल आणि एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय ती कुणी फोडणार नाही, एवढा मजकूर शेजाऱ्याच्या सहीनिशी करारात घ्या आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करा.

जे विकणार आहेत त्यांनीही जाहिरातीत एक ओळ वाढवावी: सामाईक भिंतीला हात लावलेला नाही, शेजाऱ्याला विचारून खात्री करावी. ज्याला ही ओळ लिहिता येत नाही, त्याला विसाराचा चेक देऊ नका.