जावयांना टेस्टर पाठवू नका

ब्रिस्बेन, जून



बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही जावयांना विचारलंत, "इंजिनिअर माणूस, आणि व्हरांड्यातलं एक बटण बदलता येत नाही?" त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर स्वारी बराच वेळ त्या बंद बटणाकडे बघत उभी होती. त्यातून तुम्ही तळमजल्यावरच्या काकांच्या मुलाबरोबर टेस्टर, पक्कड आणि काळी टेप पाठवायचं जाहीर केलंत. ते पार्सल थांबवण्यासाठी हे पत्र. फोनवर तुम्ही माझं अर्धं वाक्य ऐकता आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करता. पत्र मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता.

जावयांना बटण बदलता येतं. बदलायची परवानगी नाही. क्वीन्सलँडमध्ये 2002चा विद्युत सुरक्षा कायदा आहे. त्याप्रमाणे लायसन्स नसलेल्या माणसाने स्वतःच्या घरातलं बटण बदलणं हा गुन्हा आहे. प्लगचा पॉइंट बदलणं गुन्हा, छताचा दिवा उतरवून दुसरा बसवणं गुन्हा, आणि आता खुर्चीत बसून वाचा, एक्स्टेन्शनच्या वायरीला नवा थ्री-पिन टॉप जोडणं हाही गुन्हाच. मुभा कसली? बल्ब बदला, फ्यूज बदला. ही दोन उदाहरणं कायद्यातच लिहून ठेवली आहेत, नाहीतर लोकांनी बल्बसाठीही फोन केले असते. तुमच्या नातवाने हे सगळं ऐकून घेतलं आणि आजोबा इथे असते तर किती वर्षं आत गेले असते याचा हिशेब मांडायला बसला. मी त्याला झोपायला पाठवलं.

गंमत म्हणजे लोहार चाळीत तुम्हाला विजेचं जे जे सामान मिळतं ते सगळं इथे बनिंग्ज नावाच्या अवाढव्य दुकानात उघड्यावर मांडलेलं असतं. कुणीही उचलावं, पैसे द्यावेत, घरी न्यावं. फक्त बसवायचं नाही. ते काम लायसन्सवाल्याचं, अशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. लग्नाची पत्रिका द्यायची, आहेर ठेवून घ्यायचा आणि पंगतीला मात्र बसू द्यायचं नाही, त्यातला प्रकार.

तर वायरमन बोलवावा लागतो. आपल्या भाईंदरच्या नवघर रोडला गॅलरीतून हाक मारली की खालच्या दुकानातला पोरगा खिशात टेस्टर खोचून वर येतो, स्टूल मागतो, "मेन बंद करू का?" विचारलं तर "नको काकू, काय होत नाय" म्हणतो. इथे आधी फोन, मग प्रश्नावली, मग तारीख. यायचे पैसे वेगळे आणि हात लावायचे वेगळे. आमचा परवा अखेर आला. गळ्यात ओळखपत्र, पायात हे जाडजूड बूट. बटण त्याने चुटकीसरशी बदललं. बाकीचा सगळा वेळ मीटर लावून तपासण्यात गेला. आणि जाताना काम तपासलं असून सुरक्षित आहे असं सहीचं प्रमाणपत्र दिलं. एका बटणाचं! ते मी नातवाच्या प्रगतिपुस्तकाच्या फायलीत लावलंय. आई, तुला सांगवत नाही, पण तो चहा न घेता गेला.

बाबा, हा सगळा पैसे उकळायचा थाट आहे, असं तुम्ही आत्ता मोठ्याने म्हणालात. थोडं तसं आहेही. लायसन्सवाले मोजके असले की त्यांचा भाव चढा राहणारच, आणि एका बटणापायी एवढा सोहळा मलाही पटत नाही. पण इथल्या लोकांसमोर या कायद्याची टिंगल करताना मी जपून असते, त्याला कारण आहे.

2009 साली इथल्या केंद्र सरकारने मंदीवर उतारा म्हणून घराघरांच्या छपराखाली उष्णता अडवणारा थर बसवून द्यायची योजना काढली. काम दिसायला सोपं, म्हणून भराभर नवखी पोरं कामाला लावली गेली. 2009-10च्या त्या काही महिन्यांत चार तरुण कामगार गेले. तिघे विजेच्या धक्क्याने, आणि ते तिघेही आमच्या क्वीन्सलँडमध्ये. त्यातले दोघे चकचकीत फॉइल धातूच्या पिनांनी लाकडाला ठोकत होते. पिन मधल्या वायरीत घुसली की अख्ख्या फॉइलमध्ये वीज. योजना गुंडाळावी लागली, आणि 2014मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्या पोरांना विजेचं काम करायचंच नव्हतं, बाबा. ती फक्त जुन्या वायरींच्या शेजारी काम करत होती.

आता तुमच्याकडचा कायदा. "आपल्याकडे असलं काही नाही" हे तुमचं आवडतं वाक्य. असलं आहे, आणि ते तुम्ही गिरगावची खोली सोडून भाईंदरला आलात त्याच्याही आधीपासून आहे. 1956च्या भारतीय वीज नियमांत लिहिलंय की वायरिंग करणं, वाढवणं, फिरवणं, दुरुस्त करणं हे सगळं सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं. अपवाद एकच: दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, घरातली उपकरणं अशा वस्तू काढून तशाच दुसऱ्या बसवणं, मात्र त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. पुढे 2010ला नवे नियम आले, 2023ला आणखी नवे आले, पण हा अपवाद तसाच राहिला.

म्हणजे जे जावयांना इथे वर्ज्य ते तुम्हाला तिथे राजरोस मोकळं आहे. तुम्ही बटण बदलता ते कायद्यात बसतं! इथवर वाचून तुम्ही आईला हाक मारली असणार. तिला हातातलं काम टाकून यायला लावू नका, पुढे वाचा.

गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी तुम्ही ओढलेली लाइन कुठल्या अपवादात बसते? आणि बाथरूममधल्या गिझरचा पॉइंट, जो बेडरूमच्या बोर्डावरून भिंतीला भोक पाडून काढलात? 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर ओढतो. तो बोर्ड 6 अँपिअरचा. मागची वायर अ‍ॅल्युमिनियमची, तिला तुम्ही तांब्याची वायर पीळ देऊन जोडलीत आणि वर टेप गुंडाळलीत. असा जोड वर्षानुवर्षं तापत-निवत सैल होतो, सैल झाला की जास्त तापतो, आणि हे सगळं टेपच्या आत चाललेलं असतं. गेल्या खेपेला तो बोर्ड पिवळा पडलेला मी पाहिला. "जुना झालाय," म्हणालात. बाबा, तो भाजलाय.

आपल्या बिल्डिंगला नावं ठेवत नाही मी. 1985ला मीरा-भाईंदर नगरपालिका झाली त्या सुमाराला ती उभी राहिली. तेव्हा दोन ट्यूबलाइट, पंखे, फ्रिज आणि टीव्ही एवढाच संसार होता, वायरिंगही त्याच मापाचं केलं. त्यानंतर नगरपालिकेची महानगरपालिका झाली, बीएसईएसचं बिल रिलायन्सच्या नावाने यायला लागलं, 2018पासून अदानीच्या, मेट्रोचे खांब आले, घरात एसी आला. भिंतीतली वायर तेवढी तीच आहे. आणि मीटरच्या पुढची वायर कुठल्याच कंपनीची नसते, ती आपली असते.

"आयुष्यभर 25 हजार व्होल्टच्या तारेखालून चर्चगेटला गेलोय, मला काय 230ची भीती घालतेस" हेही ठाऊक आहे मला. पश्चिम रेल्वेच्या लोकलचं 1500 व्होल्टवरून 25 हजारांवर जाणं 2012मध्ये पूर्ण झालं. तुमच्या नोकरीची बहुतेक वर्षं 1500खालीच गेली. शिवाय तुम्ही तारेखालून गेलात, तिला टेप नाही गुंडाळलीत.

राहिला तुमचा टेस्टर. त्यात एक चिमुकला निऑन दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो, आणि तो दिवा तुमच्याच अंगातून जाणाऱ्या इवल्याशा करंटवर लागतो. तुम्ही रबरी स्लिपर घालून लाकडी स्टुलावर चढलात, वर गॅलरीतलं ऊन, की तो लागलाय का नाही हेच दिसत नाही. आणि न्यूट्रल कुठे तुटली असेल तर फेजही लागते आणि न्यूट्रलही लागते. मग तुम्ही म्हणता, टेस्टर बिघडला. टेस्टर वीज आहे हे सांगू शकतो. वीज नाही हे त्याच्या शब्दावर मानून हात घालू नये.

यापेक्षा मला जास्त घोर लागलाय तो ईएलसीबीचा. दर पावसाळ्यात पडतो म्हणून तुम्ही त्याला बगल देऊन वायर थेट जोडून टाकलीत, आणि हे मला आईकडून कळलं, तेही वाळवणांबद्दल बोलता बोलता. एमसीबी वायरीला सांभाळतो, बाबा. 16 अँपिअरचा असेल तर त्याहून बराच जास्त भार गेल्याशिवाय तो हलत नाही, आणि माणूस त्याच्या कितीतरी आधी संपतो. माणसाला सांभाळतो तो ईएलसीबी. 30 मिलिअँपिअर गळती झाली की डोळ्याची पापणी लवेपर्यंत तो पडतो. देवघरातला आपला झिरोचा बल्ब याच्या दुपटीच्या आसपास करंट घेतो, यावरून समजा. पावसाळ्यात तो पडतो कारण ओल्या भिंतीत कुठेतरी वीज खरोखर गळतेय. क्वीन्सलँडमध्ये 1992पासून नव्या घरांना हे यंत्र सक्तीचं आहे. आपल्या देशात दर वर्षी 10 हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने जातात. त्यातल्या कितीजणांच्या घरी तो "उगाच पडतो" म्हणून काढला असेल, कोण जाणे.

आता तुम्हाला आवडेल असं एक. समुद्रापलीकडे न्यूझीलंड आहे. वायरिंगचं मानक दोन्ही देशांचं एकच, एकाच पुस्तकात छापलेलं. पण तिथे घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरात बटण, पॉइंट, दिवा बदलता येतो, इतकंच काय, नवी लाइनही ओढता येते. अट एवढीच की नवी लाइन चालू करण्याआधी निरीक्षकाने येऊन ती तपासायची, मोजायची आणि सही द्यायची. त्याची सही होईपर्यंत वीज सोडायची नाही. पक्कड कुणाच्या हातात होती हे ते विचारत नाहीत. दुसऱ्या कुणी तपासलं का, हे विचारतात. मला हा कायदा इथल्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो, आणि तुमच्यासारख्या माणसासाठी तर तो मुद्दाम केल्यासारखा आहे. हे कळल्यापासून जावई ऑकलंडमधल्या नोकऱ्या बघतायत.

आपल्याकडे ती तपासणी नव्या मीटरच्या वेळी वायरमनच्या टेस्ट रिपोर्टवर होते, आणि मग जन्मात परत होत नाही. म्हणून माझं एवढं करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून परवाना असलेला वायरमन बोलवा, आणि परवाना बघायला मागा. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा असतो. तुमच्या दोन्ही लाइनी त्याला स्वतः उघडून दाखवा. त्याच्याशी हवा तेवढा वाद घाला, तुम्ही घालालच. पण त्याला वायरीचं इन्सुलेशन मोजायला मेगर लावू द्या, अर्थिंग मोजू द्या, गिझरसाठी मेनपासून वेगळी तांब्याची लाइन आणि 16 अँपिअरचा पॉइंट काढू द्या, आणि ईएलसीबी परत जागेवर बसवू द्या. त्याच्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खाडकन पडला की तो शाबूत आहे. हे खातं मी तुमच्याकडे सोपवते. दादाने मध्ये हात घालायचा नाही. पैसे मी पाठवते, आणि ते घ्या. वहिनीला सांगून वायरमनचा रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवा.

तोवर गिझर बंद. जूनमध्ये भाईंदरला गार पाण्याने कुणी आजारी पडत नाही.

जावयांचा नमस्कार. त्यांना पाठवायचंच असेल तर टेस्टरऐवजी मेतकूट पाठवा.

तुमची लेक

ता. क. आई, हे तुझ्यासाठी. इथे धुराच्या भोंग्यांचाही कायदा आहे. प्रत्येक बेडरूममध्ये एक, मधल्या वाटेत एक, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. 2027पासून हे क्वीन्सलँडच्या सगळ्या घरांना लागू होणार आहे. आम्ही आधीच बसवलेत. एक वाजला की सगळे वाजतात. साधी मोहरीची फोडणी ते सोडून देतात, सुक्या मिरचीला थोडे कुरकुरतात, पण परवा मी बोंबील भाजायला घेतले, तुझ्यासारखे थेट जाळावर, आणि घरभर आकांत झाला. नातू अंथरुणातून उठून शाळेत शिकवल्याप्रमाणे सरपटत बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. शेजारचे म्हातारे गृहस्थ आधी धावत यायचे. आता ते येत नाहीत. कुंपणापलीकडूनच विचारतात, आज कुठला मासा?